चालतें तें बरोबर असतें काय?

"चालतें आहे ना? मग झालें!" हे उद्गार एकदां तरी कानांवर पडले नाहींत असा दिवस विरळा. गळका नळ, सभेचें इतिवृत्त, मुलाचा अभ्यास, संस्थेचा कारभार, कोणत्याहि विषयाचा शेवट या पांच शब्दांनीं करतां येतो. या उद्गारामागें केवळ आळस आहे असें म्हणून आम्ही पुष्कळ वर्षें त्याची वासलात लावीत होतों. परंतु एका जुन्या मोटारीनें आम्हांस दाखवून दिलें कीं, आळसापेक्षां खोल अशी एक समजूत त्यामागें दडलेली आहे. ती ही कीं, एखादी गोष्ट चालते हाच ती बरोबर असल्याचा पुरावा होय. ही समजूत खरी मानावी काय, एवढाच प्रश्न आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

आमची मोटार डिझेलवर चालणारी असून तिचें वय विसांच्या घरांत आहे. दोन वर्षांपूर्वीं तिच्या इंजिनांतील दातेरी पट्टा, ज्यास कारागीर टायमिंग बेल्ट म्हणतात, जुना झाला म्हणून आम्हीं तो एका गॅरेजमध्यें बदलून घेतला. मोटार घरीं आली व चालूं लागली. मात्र सकाळीं सुरू होण्यास ती फार वेळ घेऊं लागली, पांढरा धूर सोडूं लागली, आणि घाट चढतांना पूर्वींचा जोर तिच्यांत दिसेना. तक्रार केली तेव्हां "जुनी गाडी आहे साहेब, चालतेय ना?" असें उत्तर मिळालें, आणि खरें सांगावयाचें तर तें आम्हांस पटलें. पुढील आठ महिन्यांत आम्हीं हीटर प्लग बदलले, नोझल तपासून घेतले, डिझेलच्या नळींत हवा शिरते कीं काय तेंहि पाहिलें. प्रत्येक भाग निर्दोष निघाला आणि धूर तसाच राहिला.

अखेरीस एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं एकदां इंजिन सुरू करून धूर पाहिला, लगेच तें बंद केलें आणि पट्ट्यावरील झांकण काढलें. मग पाना लावून त्यांनीं क्रँकशाफ्ट हातानें सावकाश फिरविला. त्याची खूण जुळली, कॅमशाफ्टचीहि जुळली. परंतु डिझेल पुरविणाऱ्या पंपाचें चाक एका दात्यानें मागें राहिलेलें होतें. "प्रोफेसरसाहेब," ते म्हणाले, "सगळे भाग चांगले आहेत. त्यांचं एकमेकांशी जमत नाही, एवढंच."

एका दात्यानें एवढें काय बिघडतें, असें वाचकांस वाटेल. रुडॉल्फ डीझेल यानें १८९२ सालीं ज्या यंत्राच्या पेटंटसाठीं अर्ज केला आणि जें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें यशस्वीपणें चाललें, त्यांत ठिणगी नाहीं. सिलिंडरांतील हवा इतकी दाबली जाते, या जुन्या इंजिनांत तर वीसपट किंवा त्याहूनहि अधिक, कीं तिच्या उष्णतेनेंच आंत फवारलेलें डिझेल पेट घेतें. म्हणून फवारा कोणत्या क्षणीं पडतो यावर सर्व अवलंबून असतें, आणि तो क्षण पंपास पट्टा सांगतो. पूर्वीं हें काम दंतचक्रें किंवा सांखळी करीत असे. मोटारींत रबरी दातेरी पट्टा आला तो १९६२ च्या सुमारास, जर्मनीच्या ग्लास कंपनीच्या गाडींतून. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा व पंपाचा एक होतो. समजा, पंपाच्या चाकास चाळीस दाते आहेत; तर एक दाता म्हणजे नऊ अंश, आणि क्रँकशाफ्टच्या हिशेबानें अठरा अंश. तेवढ्या उशिरानें पिस्टन खालीं निघालेला असतो, हवा निवूं लागलेली असते, आणि कांहीं डिझेल न जळतां पांढरा धूर होऊन बाहेर पडतें. हीच चूक कॅमशाफ्टच्या चाकांत, आणि कांहीं दात्यांची झाली असती, तर वर येणारा पिस्टन उघड्या झडपेवर आदळून इंजिनाचा चुराडा झाला असता. तेथें "चालतें आहे" असें म्हणण्यास जागाच उरली नसती. मोठी चूक स्वतः ओरडते. लहान चूक चालूं देते, आणि म्हणूनच ती अधिक काळ टिकते.

यावर कोणी म्हणेल कीं, विचारवंतांनींहि चालण्यालाच सत्याची कसोटी मानलें आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांत या मताचा पुरस्कार केला, हें खरें. परंतु जेम्सच्या मनांतील कसोटी दीर्घ अनुभवाची व सर्व बाजूंनीं घेतलेली होती. आपण ती आजच्या सकाळीपुरती आंखूड करतों. शिवाय चालणें मोजावयाचें तें कोणत्या मापानें? आठ महिन्यांत आम्ही मोटारीचा पूर्वींचा जोर साफ विसरलों होतों. संवयीनें माप स्वतःच खालीं उतरतें, आणि उतरलेल्या मापानें मोजल्यावर सर्वच गोष्टी ठीक भरतात.

मग कसोटी कोठें शोधावी? फोक्सवागेन कंपनीनें १९७६ सालीं गोल्फ मोटारींत आणलेल्या डिझेल इंजिनाची रीत येथें उद्बोधक आहे. त्यांत कॅमशाफ्टच्या टोकाच्या खांचेंत एक सपाट पट्टी सारून तो जागच्या जागीं अडकवितात आणि पंपाच्या चाकांतून खिळा घालतात. मग कॅमशाफ्टवरील चाक सैल करून पट्टा चढवितात व ताणतात. ताण बसेपर्यंत चाक थोडें सरकतें, शाफ्ट मात्र हलत नाहीं. सर्वांत शेवटीं चाक आंवळतात. उतावळा कारागीर नेमकें उलट करतो. दाता खांचेंत बसत नाहींसें दिसलें कीं तो शाफ्टच किंचित् फिरवितो. काम चटकन् होतें आणि इंजिन चालतेंहि.

खुणेच्या बाबतींतहि एक सावधगिरी हवी. कांहीं इंजिनांत पुढील पुलीची बाहेरची कडी रबरावर बसविलेली असते. रबर जुनें झालें कीं ती सरकते आणि तिच्यावरील खूण खोटें बोलूं लागते. म्हणून जाणता कारागीर क्रँकशाफ्टला घट्ट जोडलेल्या फ्लायव्हीलवरची खूण पाहतो. लोकमत ही आपल्या आचरणाची अशीच बाहेरची, रबरावर बसविलेली खूण आहे. ती दिसावयास सोपी आहे. पण सर्वांबरोबर तीहि सरकलेली असूं शकते.

येथवर मोटारीविषयीं लिहिणें सोपें होतें. आमच्याकडे महाविद्यालयांत अंतर्गत गुण देण्याचें काम आहे, आणि वर्षानुवर्षें आम्हीं ते सढळ हातानें दिले. मुलें खूष, पालक खूष, निकाल उत्तम. सर्व कांहीं सुरळीत चाललें होतें. गतवर्षीं एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. नोकरीच्या लेखी परीक्षेंत तो तीनदां नापास झाला होता. तो रागावला नव्हता. त्यानें इतकेंच विचारलें, "सर, मला लिहिता येत नाही, हे तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

आम्हांस तें दिसलें होतें. त्याचे निबंध आम्हीं वाचले होते आणि लाल शाई हातांत होती. पट्टा सहज चढावा म्हणून आम्हीं शाफ्ट फिरविला होता, आणि वर्ग चालतो आहे हेंच आमचें समाधान होतें.

मिस्त्रींनीं पट्टा नीट बसविल्यावर इंजिन लगेच सुरू केलें नाहीं. क्रँकशाफ्ट हातानें पूर्ण दोन फेरे फिरवून सर्व खुणा पुन्हां जुळतात कीं नाहीं तें पाहिलें. "हाताला अडलं तर थांबायचं," ते म्हणाले, "जोर लावायचा नाही. एकदा इंजिन सुरू झालं की आत काय अडतंय ते हाताला कळत नाही." आमच्या मतें पहिल्या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. चालणें हा बरोबर असण्याचा पुरावा नव्हे. तो पुरावा सर्व थांबलेलें असतांना, खऱ्या खुणेशीं ताडून मिळवावा लागतो, आणि त्यासाठीं मधून मधून थांबण्याची तयारी लागते.

या सत्रापासून आम्ही निबंध खरे गुण व शेरे लिहून परत देत आहों. वर्गांत नाराजी आहे, दोन पालक घरीं येऊन गेले, आमचे एक सहकारी म्हणाले, "इतकी वर्षें चाललें होतें ना?" त्यांस काय सांगावें हें आम्हांस सुचलें नाहीं. मोटार मात्र आतां सकाळीं लगेच सुरू होते, आणि धूर नाहीं.