नळी, जहाज, तार

सिंगापूरची सुमारे 95 टक्के वीज नैसर्गिक वायूवर चालते. हा वायू देशात सापडत नाही. तेलही नाही, कोळसाही नाही. धरण घालावे अशी नदी नाही. ज्याच्याजवळ काहीच नसते त्याची एका गोष्टीतून सुटका होते. त्याला स्वावलंबनाची भाषणे करावी लागत नाहीत.

वायू आधी नळीने आला. 1992 मध्ये मलेशियातून, पुढे इंडोनेशियातून. जून 2004 मध्ये इंडोनेशियाच्या पश्चिम नातुना क्षेत्राकडून येणारा पुरवठा खंडला आणि सुमारे तीन लाख घरे अंधारात गेली. यात कोणाचा हेतू नव्हता. पण हेतू असता तर काय झाले असते, हे त्या रात्री सर्वांना कळले.

2013 मध्ये जुराँग बेटावर द्रवरूप वायू उतरवून घेण्याची सोय झाली. नळीला शेजारी लागतो, जहाजाला नुसता समुद्र पुरतो. शेजारच्या आडावर पाणी भरून जे वाढले, त्यांना हा फरक समजावून द्यावा लागत नाही. दुकानदाराला पैसे दिले की व्यवहार मिटतो. शेजाऱ्याचे कधी फिटत नाही. शिवाय आपल्या घरातले सगळे त्याला ठाऊक असते.

परक्या दुकानदाराशी व्यवहारालाही किंमत असते. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि युरोपने समुद्रावरचा वायू मिळेल त्या भावाने उचलला. त्या जुलैत पाकिस्तानच्या वायूखरेदीच्या निविदेला एकही बोली आली नाही. सिंगापूरचे दिवे चालू राहिले, कारण सिंगापूरजवळ पैसे होते. परका रागावत नाही, तशी त्याला दयाही येत नाही. बाजार निःपक्षपाती असतो, असे बहुधा खिसा भरलेला माणूसच सांगतो.

आता वीज स्वच्छ हवी. तेंगेह जलाशयावर 2021 पासून 45 हेक्टरांवर सौरफलक तरंगत आहेत. विषुववृत्त जवळ आहे, पण आकाश ढगाळ आणि जमीन तोकडी. म्हणून वीज बाहेरून आणायची. 2022 मध्ये लाओसची जलविद्युत थायलंड आणि मलेशियाच्या तारांवरून इथवर पोचली. 2035 पर्यंत 6 गिगावॅट आयात करण्याचा बेत आहे. पण वीज टँकरमध्ये भरता येत नाही. तिला तार लागते आणि तारेला शेजारी. ज्याच्यापासून मोकळे होण्यासाठी जहाज आणले, त्याच्याच दाराशी स्वच्छ ऊर्जा परत आणून उभे करते. प्रगती पुष्कळदा माणसाला जुन्या ऋणकोपणाकडे नेते. फक्त कागद नवे असतात.

मलेशियाने 2021 मध्ये सिंगापूरला अक्षय वीज विकण्यास मनाई केली आणि 2023 मध्ये ती उठवली. आधी आपले घर, हे कारण होते. ते योग्यच होते. योग्य कारणाने मिळालेला नकार अधिक बोचतो, कारण त्याच्यावर रागावता येत नाही.

परावलंबनाची भीती फलकांबाबतही आहे. जगातले पाचांपैकी चारांहून अधिक सौरफलक चीनमध्ये बनतात. त्यावरून वॉशिंग्टनमध्ये चिंता आहे, आणि ती खोटी नाही. तरी तेलवाल्याची मर्जी रोज सांभाळावी लागते, फलकवाल्याची घेताना एकदा. पुढची पंचवीस वर्षे सूर्य कोणाला विचारत नाही. मुत्सद्द्यांना हे माहीत असते; भीतीचा आकडा फुगलेला राहणे अनेकांच्या सोयीचे असते.

सिंगापूरच्याच बंदरात जगातल्या जहाजांना सर्वाधिक इंधन विकले जाते. यात दांभिकपणा शोधणे सोपे आहे. पुण्यकर्माचा खर्च सहसा जुन्याच कमाईतून होतो. निदान इथे हिशेब लपवलेला नाही.

वायूवरची नवी वीजकेंद्रे अजून उभी राहत आहेत. त्यांत किमान 30 टक्के हायड्रोजन जाळता आला पाहिजे, अशी अट आहे. तो नळीने येईल की जहाजाने, हे ठरायचे आहे.