बुद्धी देवाची, मग आळस कोणाचा?

वह्या मिटा. मोबाइल दप्तरात. आणि खिडकीशी बसलेले महाशय, बाहेर काही घडत नाहीये, इकडे बघा.

निबंध तपासून आणलेत. विषय होता मानवी बुद्धीचे मूळ आणि ईश्वर. बहुतेकांचे पहिले वाक्य जुळ्या भावंडांसारखे आहे: हिंदू तत्त्वज्ञानानुसार बुद्धी ही ईश्वराची देणगी आहे. कोणाच्या मते? कपिलाच्या, गौतमाच्या, की शंकराचार्यांच्या? पत्ता नाही. एकाने तर कळस केला. बुद्धी देणारा तोच, म्हणून यशापयशाची जबाबदारी माणसावर येत नाही, असा समारोप ठोकून दिलाय. मग तुझी गुणपत्रिका वैकुंठाला धाडू का?

अर्धे सत्र सांख्यकारिका शिकवली ती भिंतींना? ईश्वरकृष्णाने पंचवीस तत्त्वे मोजली, त्यांत ईश्वर कुठे आहे दाखवा. तिथे बुद्धी प्रकृतीतून निघते. प्रकृतीचा पहिला विकार म्हणजे महत्, तीच बुद्धी. ती स्वतः जड आहे. पुरुषाच्या सान्निध्यामुळे चेतन असल्यासारखी भासते, इतकेच. नैयायिक ईश्वर मानतात, उदयनाचार्यांनी त्याच्या सिद्धीसाठी 'न्यायकुसुमांजली' लिहिली. पण ज्ञान हा त्यांच्या मते जीवात्म्याचा गुण आहे. कुमारिल भट्ट वेदांचे कट्टर अभिमानी, आणि 'श्लोकवार्तिका'त जगाचा कर्ता ईश्वर हे मत खोडून काढतात. या सगळ्यांना एका ओळीत कोंबायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

ज्ञानेश्वरीच्या आरंभीचा गणपती तरी आठवा. सहा दर्शने म्हणजे त्याचे सहा हात, आणि त्यांचे आपसांत पटत नाही म्हणून प्रत्येक हातात निराळे आयुध. तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक. तुम्हाला नेमका मोदकच दिसला.

आता वेदान्ताकडे या, कारण तुमचे ते एक वाक्य टिकलेच तर तिथे टिकेल. गीतेचा पंधरावा अध्याय. भगवान म्हणतात, मी सर्वांच्या हृदयात आहे; स्मृती आणि ज्ञान माझ्यापासून होतात, आणि त्यांचा लोपही. लोप! हा शब्द एकाच्याही निबंधात नाही. सोयीचे तेवढे उचलले, गैरसोयीचे सोडले. शंकराचार्य तिथे सरळ सांगतात की पुण्यकर्म करणाऱ्यांना कर्मानुरूप स्मृती-ज्ञान मिळते आणि पापकर्म करणाऱ्यांचे जाते. म्हणजे देणाऱ्याच्या हातात तुमचे कर्मही मोजले जाते. दहाव्या अध्यायात बुद्धियोग देतो म्हणाला, तो कोणाला? सतत जोडलेल्यांना, प्रेमाने भजणाऱ्यांना. परीक्षेच्या आदल्या रात्री उदबत्ती लावणाऱ्यांचा उल्लेख मला तरी तिथे सापडला नाही.

आणि तो समारोपवाला, उभा राहा. तुझी शंका नवी नाही, शहाण्यांनी ती कधीच घेतली आहे. सर्व काही ईश्वरच करवत असेल तर तो पक्षपाती ठरेल आणि शास्त्रातले विधिनिषेध फुकट जातील, हा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, तिसऱ्या पादात येतो. जीवाचे कर्तृत्व ईश्वराधीन आहे असे आधी मान्य केले, आणि लगेच पुढच्या सूत्रात अट घातली: जीवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच तो करवतो. भाष्यात आचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस साऱ्यांना सारखा. पण साळीच्या बीजातून साळ येते आणि जवाच्या बीजातून जव. पाऊस नसेल तर काहीच उगवत नाही, आणि बीज नसेल तर पाऊस पडून काय? तू काय पेरलेस ते सांग. कोऱ्या पुरवणीवर पाऊस पाडणारा देव कोणत्याही भाष्यात नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. पाचवे, पाचपैकी एक. आधीची चार तू गाळलीस. मात्र तिथेच, दोन श्लोक पुढे, केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला भगवान दुर्मती म्हणतात. हे पहिल्या बाकावरच्या हुशार मंडळींसाठी. 'माझे विचार', 'माझे विश्लेषण' असे पानोपानी लिहिले आहे तुम्ही. केनोपनिषदात विजयाने फुगलेल्या अग्नीपुढे यक्षाने गवताची काडी ठेवली. जाळता आली नाही. वायूला उडवता आली नाही. दोघे परतले. इंद्र गेला तेव्हा यक्षच अदृश्य झाला. पण तो माघारी फिरला नाही, तिथेच भेटलेल्या उमेला त्याने विचारले, आणि त्याला ब्रह्म कळले. दोघांत आणि त्याच्यात फरक इतकाच की त्याने थांबून प्रश्न विचारला. आज या वर्गात कोणी विचारला?

गायत्रीत विश्वामित्र सवित्याकडे बुद्धीला प्रेरणा मागतो. तयार उत्तर मागत नाही. आणि सगळी गीता सांगून झाल्यावर भगवानही अर्जुनाला म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवे ते कर. समोर साक्षात जगन्नियंता उभा असताना विचार करायचे काम अर्जुनाच्याच गळ्यात आहे. तुम्ही त्याच्यापेक्षा मोठे लागून गेलात?

सोमवारी निबंध पुन्हा हवेत. एकच दर्शन घ्या, पण पुरते घ्या. त्याच्यावरचा एक आक्षेप आणि त्याचे उत्तर आलेच पाहिजे. शांकरभाष्य ग्रंथालयात आहे, वरच्या फळीवर, शिडी मागून घ्या. 'हिंदू तत्त्वज्ञानानुसार' या शब्दांनी सुरू होणारा कागद मी न वाचता परत करीन. समारोपवाले, बसा आता. तुम्ही दुसरा अध्याय, तिसरा पाद घ्या, भाष्यासकट.