पिशवीचे आसन आणि हत्तीचे स्नान

टाकाऊ प्लास्टिक पिशव्यांपासून क्रोशाच्या सुईने विणलेली पायपुसणी, बसकरे व बाजाराच्या थैल्या आपल्या देवस्थानाच्या महिला मंडळाने मांडल्या होत्या, त्या सभासदांनी पाहिल्याच असतील. त्यांचे कौतुक सर्वमुखी झाले व ते योग्यच होय. तथापि कौतुकाच्या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहिला. जी वस्तू घेण्यातच दोष होता, तिचे काही चांगले घडविले म्हणजे मूळचा दोष फिटतो काय?

प्रथम कृती सांगतो, कारण काम न पाहता त्यावर मत देणे बरे नव्हे. पिशवी धुऊन सावलीत वाळवितात, सपाट पसरून तळची शिवण व वरचे कान कापून टाकतात आणि उरलेल्या नळीच्या बोटभर रुंदीच्या आडव्या पट्ट्या काढतात. पट्टी उलगडली की तिचे कडे होते. कड्यात कडे अडकवून हलक्या हाताने ओढले की गाठ बसते, व अशा कड्यांचा दोरा गुंडाळून गुंडा करतात. पुढे जाड सुई आणि साखळीचे टाके. अमेरिकेत चर्चमध्ये जमणाऱ्या स्त्रिया याच रीतीने बेघर माणसांसाठी निजावयाच्या चटया विणतात. एका चटईस पाचशे ते सातशे पिशव्या लागतात. भुईच्या ओलीपासून एका जिवाचे रक्षण होते, हे पुण्य लहान नव्हे. परंतु एका माणसाच्या अंथरुणाएवढ्या जागेत सातशे वेळचा बाजार मावला, हेही त्याच चटईवर लिहिलेले आहे.

श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधाच्या आरंभी परीक्षित राजाने शुकाचार्यांना हीच शंका विचारली आहे. मनुष्य पापाचे प्रायश्चित्त घेतो आणि पुन्हा तेच पाप करतो. मग ते प्रायश्चित्त हत्तीच्या स्नानासारखे व्यर्थच नव्हे काय? हत्ती नदीत डुंबून बाहेर येतो व लगेच अंगावर धूळ उडवून घेतो. आपल्या घरीही असेच घडू पाहते. "असू द्या, विणायला होईल," असे म्हणून भाजीवाल्याकडून पिशवी घेतली, की सुई हे दोष झाकण्याचे साधन झाले.

वास्तविक या कलेचा कच्चा माल एव्हाना संपावयास हवा होता. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक पिशवीस देशभर बंदी आहे. आपले इंदूर सन २०१७ पासून सलग आठ वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. असे असता उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी वडिलांच्या हाताखाली गाभाऱ्याबाहेरचे निर्माल्य आवरताना हारांबरोबर पातळ पिशव्याही निघतातच. देवाला फूल आणावयाचे ते बंदी घातलेल्या पिशवीतून, यात भक्ती किती व सवय किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

विणल्याने प्लास्टिक नाहीसे होत नाही, हेही ध्यानी घ्यावे. ते उन्हात ठिसूळ होऊन त्याचे कण गळतात, म्हणून बसकर सावलीतच वापरावे. उष्णतेने वितळत असल्यामुळे तापलेल्या भांड्याखाली किंवा समई-निरांजनाजवळ ते मुळीच ठेवू नये. काही वर्षांनी त्याचाही कचरा होणारच. हे विणकाम कचऱ्याला विलंब लावते, इतकेच. परंतु त्या विलंबात दुसरी वस्तू विकत घेणे टळत असेल, तर तो विलंब सार्थ होय.

जपाला हे आसन चालेल काय, असे काही वृद्ध सभासदांनी विचारले. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुश, मृगाजिन व वस्त्र यांचे आसन सांगितले आहे. जपाला दर्भाचे किंवा लोकरीचेच घ्यावे, असे माझे मत आहे. पंगतीला व सभामंडपात मात्र पिशवीचे बसकर खुशाल घालावे. ते धुता येते आणि भुईची ओल वर येऊ देत नाही.

मंडळास एक सूचना करावीशी वाटते. दरमहा किती पिशव्या आल्या, हे एका वहीत टिपून ती वही सभामंडपात ठेवावी. विणलेल्या वस्तूंच्या संख्येपेक्षा तो आकडा घटताना पाहण्याचा आनंद मोठा आहे. आणि ज्या महिन्यात सुईला पिशवी मिळणार नाही, त्या महिन्यात भगिनींनी जुन्या धोतर-लुगड्यांच्या पट्ट्या कापावयास घ्याव्यात. आमच्या घरी त्या पुष्कळ निघतील.