इंजिन बदलले, विमान तेच?

खंडेराव मार्केटला ‘मार्केट’ म्हणण्यात बडोदेकरांना आजही काही वावगे वाटत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या या वास्तूत पालिकेची कचेरी आली. भाजी नि फुले मागच्या अंगाला राहिली. नाव तेच, दर्शनी भाग तोच, आतले काम निराळे. पालिकेच्या दप्तरी घराचा मंजूर नकाशा असतो. आतली मोठी भिंत हलवावयाची तर मालकालाही नवा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, मग ती भिंत त्याच्या आजोबांनी का बांधलेली असेना! स्वतःच्या वस्तूत केलेला बदल दुसऱ्याच्या संमतीवाचून वैध का ठरू नये? हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो जुन्या विमानाच्या बाबतीत.

विमानाला नकाशासारखाच एक मूळ कागद असतो. एखाद्या नमुन्याची रचना तपासून तिला टाइप सर्टिफिकेट मिळते. मग त्या नमुन्याबरहुकूम असलेल्या प्रत्येक विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र देतात. इंजिन हा त्या रचनेचाच भाग होय. मंजुरीवाचून ते बदलले की विमान नमुन्याशी जुळेनासे होते, आणि १९३७ च्या विमान नियमांनी घालून दिलेल्या शिस्तीनुसार त्याचे प्रमाणपत्र आपोआप निलंबित झाल्यासारखेच असते. कोणी येऊन शिक्का मारावा लागत नाही.

एक उदाहरण आपल्यातलेच आहे. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले आणि पुढे बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान घडविले. त्याचे पहिले उड्डाण १९५१ साली झाले. उत्पादनातील विमानांचे इंजिन होते ब्रिटिश बनावटीचे, १५५ अश्वशक्तीचे ‘सिरस मेजर’. पुढे हवाई दलातील या विमानांना अमेरिकन ‘लायकॉमिंग’ इंजिने बसविण्यात आली, १६० अश्वशक्तीची. अवघ्या ५ अश्वशक्तीचा फरक! परंतु पहिल्यात सिलिंडर एका ओळीत, खाली डोके करून टांगलेले; दुसऱ्यात ते दोन बाजूंना आडवे पसरलेले. म्हणजे नाकाचा आकार बदलला, हवेने थंड होण्याची वाट बदलली, वजन नि गुरुत्वमध्य नव्याने मांडावे लागले. तरीही ते विमान एचटी-२ च राहिले, कारण हा बदल अधिकृतपणे, जबाबदारी घेऊन केला होता.

आता कल्पना करा की एखाद्या हौशी मालकाने आपल्या ‘टायगर मॉथ’मध्ये असेच इंजिन स्वतःच्या हिमतीवर बसविले. त्याची बाजू पोकळ नाही. जुन्या ‘जिप्सी मेजर’चे सुटे भाग मिळवणे जिकिरीचे, नवे इंजिन अधिक भरवशाचे, मग अधिक सुरक्षित विमान अपात्र आणि कमी सुरक्षित विमान पात्र, हा कुठला न्याय? येथे तपशिलात शिरावयास हवे. जिप्सीचा पंखा आणि लायकॉमिंगचा पंखा परस्परविरुद्ध दिशांना फिरतात. उड्डाणापूर्वीच्या धावेत एक विमान उजवीकडे ओढले जाते, तर दुसरे डावीकडे. वैमानिकाच्या पायांना वर्षानुवर्षे लागलेली सवय नेमकी उलटी ठरते. इंजिन सुटेपणी कितीही उत्तम असो, ‘हे विमान या इंजिनासह’ ही एक नवी वस्तू आहे, आणि तिची परीक्षा अजून कोणी घेतलेली नाही. मालकाची खात्री प्रामाणिक असेलही. पण ज्याच्या छपरावरून ते विमान जाणार, त्याने त्या खात्रीवर का विसंबावे?

मिलिंद राजाला नागसेनाने रथाविषयी विचारले होते : चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय? सुट्या भागांत रथ सापडत नाही. त्यांच्या विशिष्ट जुळणीला आपण ते नाव देतो. वैमानिकी कायदा नकळत नागसेनाचाच शिष्य आहे. मात्र तो एक प्रश्न अधिक विचारतो : या जुळणीला उत्तरदायी कोण? टायगर मॉथच्या रचनेची जबाबदारी आजही ब्रिटनमधील एक संस्था वाहते. ज्या विमानांना असे कोणी उरले नाही, ती जणू अनाथ. त्यांना बहुधा मर्यादित परवान्यावरच समाधान मानावे लागते.

मोटारींचा न्याय मात्र वेगळा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते ती मूळ रूपात असेल तर. सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झाला की तो मान गेला. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्यावर भरलेला जुन्या मोटारींचा सोहळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तेथे गाडीकडे भूतकाळाशी इमान मागितले जाते. विमानाकडे उद्याच्या उड्डाणाचा जबाब मागितला जातो. जुने विमान बाळगणारा या दोन मागण्यांच्या कात्रीत सापडतो. माझ्या मते त्याने दुसरी मागणी थोर मानावी, आणि मग मूळपणाला आलेला उणेपणा न लपवता सांगावा. (पिढ्यान्‌पिढ्या गुजराती शब्दांवर चालणाऱ्या आपल्या मराठीलाही ही सूट मिळावी!)

जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या धावपट्टीवर टपाल आणले. त्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला. या वेळचे विमान होते ‘लेपर्ड मॉथ’. त्याच घराण्यातले, पण वेगळ्या नमुन्याचे, जिप्सी मेजर इंजिनाचे. त्याला पस मॉथ म्हणून खपविण्याची गरज कोणालाही भासली नाही.