निवेदन स्वीकारले

23 फेब्रुवारी 2021 रोजी वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला, बंजारा समाजाच्या तीर्थक्षेत्री, यात्रा नव्हती, तरी रस्त्यांवर मुंगीला वाट नव्हती. तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड पंधरवडाभराने लोकांसमोर येणार होते. पुण्यात एका तरुणीचा मृत्यू झाला होता, विरोधकांनी त्या प्रकरणात राठोडांचे नाव घेतले होते आणि मंत्री आहेत कुठे, हे कुणी सांगत नव्हते. दोनच दिवसांपूर्वी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी करोनामुळे गर्दीच्या कार्यक्रमांना मनाई केली होती. त्यांच्याच मंत्रिमंडळातले राठोड हजारोंच्या गर्दीतून आले, सेवालाल महाराजांचे दर्शन घेतले, आरोप फेटाळले, माझी आणि बंजारा समाजाची बदनामी थांबवा अशा आशयाचे बोलले आणि निघून गेले.

राठोड दोषी होते की नव्हते, हा माझा विषय नाही. पोलिसांनी त्यांना क्लीन चिट दिल्याचे पुढे मुख्यमंत्री असताना एकनाथ शिंदे यांनी सांगितले. मला कुतूहल आहे ते त्या दिवशी जे घडले त्याचे. प्रश्न एका मंत्र्याला विचारलेला होता, पोहरादेवीला पोचेपर्यंत तो एका अख्ख्या समाजाला विचारल्यासारखा झाला. दर्शनाला आलेल्या माणसाची श्रद्धा खरी होती, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण देवाच्या दारी उलटतपासणी होत नाही, आणि ती जागा निवडण्यातच निम्मे उत्तर चुकवून झाले होते.

उरलेले निम्मे 28 फेब्रुवारीला चुकले. त्या दिवशी राजीनामा आला. विधिमंडळाचे अधिवेशन दुसऱ्या दिवशी, 1 मार्चला सुरू होणार होते. राजीनामा ही शिक्षा असते तशी अनेकदा सुटकाही असते, कारण जो मंत्रीच नाही त्याला सभागृहात मंत्री म्हणून काय विचारणार? आणि ज्या भाजपने तेव्हा रान उठवले होते, तो ऑगस्ट 2022 मध्ये राठोडांसोबत एकाच सरकारात बसला. भाजपच्याच चित्रा वाघ यांनी तेवढी जाहीर नाराजी नोंदवली. बाकीच्यांचा प्रश्न विरोधी बाकांवरच राहून गेला.

सभागृहात तरी उत्तर मिळते का? विधिमंडळातला तारांकित प्रश्न एकदा वाचून बघावा. ‘हे खरे आहे काय’ इथून सुरुवात, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरे ठरलेली: ‘अंशतः खरे आहे’, ‘बाब तपासण्यात येत आहे’ आणि सर्वात शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. ज्याच्या वावरात विजेचा खांब उभा आहे आणि तारा नाहीत, त्याला विलंबाचे कारण हाच एक प्रश्न उद्भवलेला असतो. तरीही मी या रुक्ष कागदाच्या बाजूचा आहे. तो छापला जातो, त्यावर मंत्र्याचे नाव असते आणि सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली तर हक्कभंगाची टांगती तलवार असते. चॅनेलच्या दांड्यासमोर ‘मला माहिती घ्यावी लागेल’ म्हणून पुढे सरकता येते, तेवढे सोपे तिथे नसते. म्हणून सप्टेंबर 2020 मध्ये करोनाचे कारण देऊन संसदेचा प्रश्नोत्तराचा तास गेला, मुंबईतले अधिवेशन दोन दिवसांत उरकले, तेव्हा अधिक आरडाओरड व्हायला हवी होती. झाली नाही.

आमच्या वाशिम जिल्ह्यात तर मुळात कुणाला विचारायचे हाच घोळ आहे. 2008 च्या पुनर्रचनेपर्यंत वाशिमला स्वतःचा लोकसभा मतदारसंघ होता. आता रिसोडचा मतदार अकोल्याच्या खासदाराकडे बघतो, वाशिम-कारंज्याचा यवतमाळ-वाशिमच्या. पालकमंत्री म्हणावेत तर महाविकास आघाडीच्या काळात पाटणचे शंभूराज देसाई होते. जानेवारी 2025 मध्ये कागलचे हसन मुश्रीफ आले, काही महिन्यांतच अंतराचे कारण सांगून मोकळे झाले आणि इंदापूरचे दत्तात्रय भरणे आले. यात कुणाच्या कर्तबगारीबद्दल शंका नाही. पण 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला झेंडा, मधे एखादी नियोजन समितीची बैठक, एवढ्यातच भेट व्हायची असेल तर ‘मागच्या वेळी तुम्ही काय म्हणाला होतात’ असे विचारायला मागची वेळ तरी कुठून आणायची?

त्या नियोजन समितीचीही एक गंमत आहे. घटनेप्रमाणे तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेतून आणि नगरपालिकांतून निवडून आलेले हवेत. वाशिम जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी 2020 मध्ये झाली, मुदत पाच वर्षांनी संपली आणि प्रशासक बसले. ज्या बाकांवरून पालकमंत्र्याला आकडे विचारायचे, ते बाकच रिकामे झाले. यासाठी कुणाला पळून जावे लागले नाही.

मग लोक काय करतात? निवेदन देतात. लेटरहेड, विषय, ‘महोदय’, खाली सह्या. साहेब गाडीतून उतरतात, कागद घेतात, फोटो होतो, कागद मागे पीएकडे जातो. दुसऱ्या दिवशी बातमी येते: निवेदन स्वीकारले. निवेदनात विनंती असते, म्हणून त्याला उत्तर देण्याचे बंधन साहेबांना वाटत नाही. ‘पाठपुरावा सुरू आहे’ एवढे पुरते. आपण प्रश्न विचारायला म्हणून जातो आणि अर्जदार होऊन परत येतो, ही सवय एकट्या पुढाऱ्यांनी लावलेली नाही. ‘भाऊ, आपलं काम त्यांच्याकडं अडलेलं हाये, कशाला वाकड्यात शिरता?’ हे वाक्य गावागावांत ऐकू येते, आणि बोलणारा खोटे बोलत नसतो. विहिरीच्या प्रस्तावापासून पोराच्या बदलीपर्यंत ज्याचे काम त्यांच्या एका फोनवर अवलंबून आहे, तो चारचौघांत अवघड प्रश्न कसा विचारणार?

त्यातही नोव्हेंबर 2024 मला विसरता येत नाही. सोयाबीनला सहा हजारांचा भाव आणि कर्जमाफी, दोन्ही विधानसभेच्या प्रचारात होते. तेव्हा हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजार समितीत तेवढेही हाती पडत नव्हते. सोयाबीनवर जगणाऱ्या या जिल्ह्यात ‘पैसा कुठून आणणार, तारीख कोणती’ हे भरसभेत विचारायची तीच वेळ होती. 28 मार्च 2025 ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी बारामतीकडे सांगून टाकले की सध्या परिस्थिती तशी नाही, 31 मार्चपूर्वी कर्ज भरा. संताप झाला. पण ते उत्तर सरळ होते. निवडणुकीनंतर आले एवढाच त्याचा दोष, आणि तो लहान नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये बच्चू कडू आणि इतर शेतकरी नेते नागपूरला रस्त्यावर बसले, तेव्हा मुख्यमंत्र्यांकडून कर्जमाफीसाठी 30 जून 2026 ही तारीख निघाली. रस्ता अडला की रुग्णवाहिकाही अडते, म्हणून तो मार्ग मला आवडत नाही. पण तारीख निवेदनातून निघाली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.

कायद्याने प्रश्न विचारण्याची हक्काची जागा गावातच आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चारदा घ्यावीच लागते. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातली जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग सरपंच, ग्रामसेवक आणि चार घरची माणसे बसली तरी खर्च मंजूर होतो. पानठेल्यावर मुख्यमंत्र्याला धारेवर धरणारे आमचे मित्र त्या दिवशी पानठेल्यावरच असतात. रजिस्टर नंतर घरोघर फिरते आणि न गेलेली माणसेही त्यावर सह्या करतात.