संदर्भांची मोजदाद आणि ऋणाचा विवेक

विद्याव्यवहारात संदर्भ देणे ही मूलतः एक नैतिक कृती आहे. आपला विचार कोणाच्या विचारावर उभा आहे याची कबुली तीत असते. ज्याचे मत खोडावयाचे त्यालाही नावानिशी समोर ठेवण्याची जबाबदारी तीत असते. अशा कबुल्यांच्या बेरजेतून मूल्य हाती येते काय, हा प्रश्न प्रादेशिक व नगर नियोजनाच्या नियतकालिकांबाबत विशेष तीव्रतेने उपस्थित होतो.

कोणत्या लेखाचा निर्देश पुढे कोणी केला याच्या सूचीची कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. एखाद्या लेखावर कोणते आक्षेप घेतले गेले हे अभ्यासकास कळावे, हा तिच्यामागील एक प्रमुख हेतू होता. म्हणजे हे साधन चिकित्सेसाठी कल्पिलेले होते. पुढे रूढ झालेल्या ‘प्रभावांका’त मात्र नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील लेखांना एका वर्षात मिळालेल्या संदर्भांना त्या लेखांच्या संख्येने भागले जाते. या भागाकारात स्वीकार आणि खंडन सारखेच ठरतात.

शेरी आर्नस्टाइन यांचा लोकसहभागाच्या शिडीवरील लेख १९६९ मध्ये अमेरिकी नियोजकांच्या संस्थेच्या नियतकालिकात आला. नागरिकांचे केवळ ऐकून घेणे आणि त्यांना निर्णयाचा अधिकार देणे यांतील अंतर त्यांनी आठ पायऱ्यांनी दाखविले. अर्धशतक उलटल्यावरही त्याचे संदर्भ दिले जातात. दोन वर्षांच्या मापात त्यांतील फारच थोडे मावतात. नियोजनाचा काळ मुळातच दीर्घ असतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही विकास योजनेच्या फेरआखणीसाठी वीस वर्षांची मर्यादा गृहीत धरली आहे.

तथापि कालावधी वाढविल्याने प्रश्न सुटत नाही. आर्नस्टाइन यांचा लेख ज्यांच्या अधिकाराविषयी आहे, ते नागरिक तळटिपा लिहीत नाहीत. रस्तारुंदीत ज्याचे घर गेले, त्याच्या जीवनावर एखाद्या सिद्धांताचा सर्वाधिक प्रभाव पडलेला असू शकतो. ‘प्रभाव’ या नावाने केलेल्या गणनेत मात्र त्याला शिडीची खालची पायरीही मिळत नाही. येथे प्रभाव म्हणजे अभ्यासकांचा अभ्यासकांवरील प्रभाव, एवढाच अर्थ उरतो.

गणनेच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो डावलता येणार नाही. निवड समितीच्या लहरीपेक्षा आणि ओळखीपाळखीपेक्षा आकडा निःपक्षपाती वाटतो. परंतु पक्षपात टाळण्यासाठी वाचनच टाळणे हा उपाय नव्हे. नियतकालिकाचा आकडा व्यक्तीच्या संशोधनाचे माप मानू नये, अशी भूमिका सॅन फ्रान्सिस्को येथील २०१२ च्या बैठकीतून निघालेल्या जाहीरनाम्यानेही घेतली आहे.

ऋण किती जणांनी मान्य केले हे मोजता येते. ते कशाबद्दलचे आहे आणि कोणाचे मान्य करावयाचे राहिले, हे मात्र वाचूनच ठरवावे लागते. समीक्षेचे काम तेथे सुरू होते.