दर्शन आणि उपभोग

बुलढाणा जिल्ह्यांतील देऊळगाव राजा येथें बालाजीच्या दर्शनास आलेला मनुष्य हात जोडून दूर उभा राहतो. मूर्ति चांचपून पाहण्याचा विचारहि त्याच्या मनांत येत नाहीं. समुद्रांत उतरल्यावर त्याचा हा संयम टिकतो काय?

१९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां यांनीं पाण्याखालीं श्वास घेण्याचें सुटसुटीत यंत्र सिद्ध केलें, आणि समुद्राचें अंतरंग हौशी माणसास खुलें झालें. आज तारकर्लीस कित्येकजण अशी बुडी मारतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांभोंवतीं मांटा नांवाचा प्रचंड पाकट मासा आढळतो. तो कोणास दंश करीत नाहीं. पाण्यांतील सूक्ष्म जीव गाळून खातो. मादीस एका वेळीं बहुधा एकच पिल्लू होतें, तेंहि वर्षांच्या अंतरानें. ठराविक प्रवाळापाशीं तो थबकला, कीं लहान मासे त्याच्या अंगावरील परोपजीवी वेंचून खातात. माणूस मागें लागला, तर ही शुश्रूषा अर्धवट टाकून तो निघून जातो.

'आम्ही मारीत नाहीं, केवळ पाहतों,' हा बचाव आम्हांस अपुरा वाटतो. पाहिल्यावांचून ममता उपजत नाहीं, आणि ममतेवांचून रक्षण होत नाहीं, हें खरें. परंतु ज्या पाहण्याचें मोल त्या मुक्या जीवास द्यावें लागतें, तें उपभोगाच्याच सदरांत पडतें. दुरून, स्थिर राहून जेवढें दिसेल तेवढ्यावरच आपला अधिकार. आणि प्रसंगीं कांहीं न पाहतां परतण्याची तयारी ही त्या अधिकाराची पहिली अट होय.